वनपट्ट्यावर झाड लावण्याआधी आणि लावल्यावर

पावसाळा तोंडावर आला की पालघर जिल्ह्यातल्या आमच्या जव्हार-मोखाड्याकडे कलमांचे टेम्पो फिरायला लागतात. कुणाला संस्थेकडून कलमं मिळतात, कुणाला रोजगार हमीतून, कुणी स्वतःच रोपवाटिकेत जाऊन केशर आंब्याची दहा कलमं घेऊन येतं. खड्डा केवढा खणायचा, खत किती घालायचं हे सांगणारी माणसं भरपूर आहेत. पण ज्या जमिनीत हे कलम पुढची चाळीस-पन्नास वर्षं उभं राहणार, ती कागदावर कुणाची, किती आणि हद्द नेमकी कुठून जाते, हे आधी विचारणारं सहसा कुणी भेटत नाही.

मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर राहते, ग्रामसभेच्या वनहक्क समितीचं काम करते आणि माझी स्वतःची फळझाडांची वाडीही वनपट्ट्यावरच, म्हणजे वनहक्क कायद्याने मिळालेल्या वनजमिनीवरच आहे. नागली-वरई पेरायची तर एका सालाचा भरवसा पुरतो. झाडाला तो पुरत नाही. म्हणून इथे कागद आणि कुदळ दोन्ही एकत्रच सांगते. यातला क्रम पाळा, कारण बहुतेक भांडणं क्रम चुकल्यानेच होतात.

हक्कपत्र अक्षर न् अक्षर वाचा

वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले आणि २०१२ मध्ये सुधारले गेले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन तुम्ही प्रत्यक्ष कसत होता, तिच्यावर जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत तुमचा हक्क मान्य होतो. तो वारसाने मुलांकडे जातो. विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. काही पोरं मला म्हणतात, ताई, विकता येत नाही तर ती जमीन आपली कसली? मला ही अट फार मोलाची वाटते. आमच्या बाजूला मालकीच्या जमिनींभोवती दलाल कसे घिरट्या घालतात ते मी बघते. ज्या जमिनीचा सौदाच होऊ शकत नाही, तिच्यावर निदान झाड तरी निवांत वाढतं.

हक्कपत्र उजेडात घेऊन बसा आणि आधी नावं बघा. लग्न झालेलं असेल तर नवरा आणि बायको दोघांची नावं त्यावर हवीत, हे कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलेलं आहे. घरात एकटी बाई कर्ती असेल तर तिच्या एकटीच्या नावाने हक्कपत्र मिळतं. आमच्याकडे जुन्या हक्कपत्रांत बायकोची जागा कोरी राहिलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. नवरा गेल्यावर तिला वारस नोंदीसाठी पुन्हा पहिल्यापासून फिरावं लागतं. एवढ्यात दीर म्हणतो, कागदावर तुझं नाव कुठंय? कलम लावलेलं तिने, पाणी घातलेलं तिने, आणि पहिल्या बहाराच्या वेळी ती दारोदार. म्हणून नाव आजच बघा. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज ग्रामसभेचा ठराव जोडून, ग्रामसभेच्या वरती दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीकडे द्या.

मग क्षेत्र बघा. ते हेक्टर-आर मध्ये लिहिलेलं असतं. ०.४० म्हणजे चाळीस आर, म्हणजे साधारण एक एकर. एक आर जवळपास एका गुंठ्याएवढाच धरा. कसत होतो दीड एकर आणि हक्कपत्रात आलं वीस-बावीस गुंठे, असे प्रकार आमच्या खोऱ्यात घरोघरी आहेत. हे हक्कपत्र कपाटात ठेवून लोक खुशाल सगळ्या दीड एकरावर कलमं लावतात, आणि पाच वर्षांनी वन खात्याचा बीट गार्ड येऊन सांगतो की ही चाळीस झाडं तुमच्या हद्दीबाहेर आहेत. क्षेत्र कमी आलं असेल तर कलमं लावण्याआधी त्यावर अपील करा. ग्रामसभेच्या निर्णयावर उपविभागीय समितीकडे आणि उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे जायला साठ दिवसांची मुदत आहे, आणि अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडेही दाद मागता येते. दावा कमी केला किंवा फेटाळला तर त्याची कारणं लेखी द्यावी लागतात आणि दावेदाराला कळवावी लागतात. तुम्हाला कधीच काही कळवलं नसेल तर अर्जात पहिलं वाक्य तेच लिहा.

तिसरी गोष्ट नोंदीची. हक्कपत्र दिल्यावर महसूल आणि वन खात्याने अंतिम नकाशा तयार करून, जास्तीत जास्त तीन महिन्यांत तो हक्क आपापल्या दप्तरात चढवायचा, असं २०१२ च्या नियमात आहे. आमच्या भागात सातबारावर वरती वन खात्याचंच नाव राहतं आणि हक्कधारकाचं नाव इतर हक्कात येतं. ते आलंय का, तलाठ्याकडे जाऊन डोळ्यांनी बघा. हक्कपत्र मिळून दहा वर्षं झाली आणि दप्तरात नाव नाही, अशी घरं मला माहीत आहेत. योजनेचा अर्ज तिथेच अडतो.

हद्द पायांनी मोजा

नकाशा मिळाला की एक सकाळ राखून ठेवा. शेजारच्या चारही बाजूंचे शेतकरी, पाड्यातली दोन जुनी माणसं, वनहक्क समितीतला एक जण आणि मोबाईल चालवणारं एक पोरगं, एवढी माणसं बरोबर घ्या. शेजाऱ्यांशिवाय केलेली हद्दीची पाहणी फुकट जाते.

एकदा एका टेकाडावर आमच्यातल्या दोघांचा वाद होता. नकाशात सरळ रेघ होती, जमिनीवर मात्र नुसता उतार आणि गवत. पाड्यातले आजोबा काठी टेकत वर आले, एका ऐनाजवळ थांबले आणि बुंध्यावरून हात फिरवत म्हणाले, हा आमच्या बापाने राबाला तोडलेला. राब म्हणजे रोपं टाकायची जागा भाजायला पाला-फांद्या जाळणं. त्या ऐनाचं खोड डोक्याच्या उंचीवर गाठीगाठींनी सुजलेलं होतं. वर्षानुवर्षं एकाच जागी फांद्या तोडल्या की तशा गाठी येतात. असे तीन ऐन एका ओळीत होते. त्या ओळीच्या खाली एका घराचा राब आणि वरती दुसऱ्याचा, हे पाड्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. हद्द तिथेच ठरली. पोरांनी तिन्ही झाडांपाशी उभं राहून जीपीएसचे आकडे घेतले, आम्ही ते वहीत लिहिले, आजोबांचा अंगठा घेतला आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या.

जुन्या माणसाचं बोलणं असं लिहून घेणं म्हणजे नुसता उपचार करणं नव्हे. वनहक्क नियमात पुराव्यांची जी यादी आहे त्यात दावेदार सोडून इतर ज्येष्ठांचा लेखी जबाब हा पुरावा म्हणून धरलेला आहे. जमिनीची सपाटी, बांध, जुनी विहीर, पूर्वजांची जागा, देवाचं स्थान यांनाही पुरावा म्हणून किंमत आहे. सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसांचे जबाब या उन्हाळ्यातच घ्या.

हद्द ठरली की तिच्यावर दगड रोवा आणि मगच कुंपणाची झाडं लावा. आमच्याकडे निरगुडी, गिरिपुष्प, करवंद, शेर यांची वई चांगली होते. गिरिपुष्पाच्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला रोवल्या तरी फुटतात आणि पाला खताला होतो. करवंदाला गुरं तोंड लावत नाहीत. मोठी सावली देणारं झाड नेमक्या बांधावर लावू नका. शेजाऱ्याच्या नागलीवर सावली पडली की पाचव्या वर्षी भांडण ठरलेलं. मोठं झाड बांधापासून निदान पाच-सहा पावलं आत घ्या. बांधावरच लावायचं असेल तर फळ कुणी खायचं, फांदी कुणी छाटायची हे दोघांनी मिळून लिहून ठेवा.

आधीपासून उभी असलेली झाडं

नवी कलमं येण्याआधी जमिनीवर काय उभं आहे ते मोजा. ऐन, साग, मोह, हिरडा, खैर, जांभूळ, जे असेल ते. किती, कुठं, अंदाजे घेर केवढा. ही यादी ग्रामसभेच्या वहीत चढवून घ्या.

मोहाचं प्रकरण वेगळं आहे. जमीन एकाची आणि तिच्यातल्या मोहाची फुलं वेचणारं घर दुसरंच, ही जुनी रीत आमच्याकडे काही पाड्यांत अजून चालते. आजीच्या काळापासून एखादं घर त्या झाडाखाली जागा झाडून फुलं वेचत आलेलं असतं. नवं हक्कपत्र मिळालेला पोरगा म्हणतो, आता पट्टा माझा, झाडही माझं. मी अशा वेळी त्याला सांगते, बाबा, तुझा हक्क ज्या पारंपरिक वहिवाटीवर उभा आहे त्याच वहिवाटीवर तिचाही उभा आहे. मोह, हिरडा, मध, बांबू, औषधी मुळ्या हे सगळं गौण वनोपज, आणि ते गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क याच कायद्याने दिलेला आहे. म्हणून मोहाखाली पाच हात जागा मोकळी सोडा, तिथे काजू घालू नका, आणि कुणाची वहिवाट आहे ते यादीत लिहा.

आता तोडीबद्दल. साग, खैर, मोह, हिरडा, ऐन, आंबा, फणस अशी काही झाडं मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, तो १९६४ चा कायदा आहे. आदिवासी शेतकऱ्याच्या मालकीतली झाडं विकायची तर त्याला वेगळा १९६९ चा कायदा आहे. व्यापारी दारूच्या बाटलीवर आणि चार नोटांवर सागाची आख्खी रांग उचलून नेत, म्हणून तो करावा लागला. वनपट्टा तर दप्तरात अजूनही वनजमीनच आहे. तिथला जुना साग तोडून आंब्याला जागा करणं म्हणजे स्वतःहून गुन्हा अंगावर ओढून घेणं. जुन्या झाडांच्या मधल्या जागेत बसेल तेवढंच लावा.

ऐन तर मुळीच काढू नका. राबासाठी लागणारा पाला, जळण, वैरण, सगळं त्याच्यावर चालतं. वरकस म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर ऐन, किंजळ राखायचे आणि त्यांच्या पाल्याने खाचरातली रोपं उभी करायची, ही आमच्या वाडवडिलांची शेती. तिला कुणी वनशेती म्हणत नव्हतं. फक्त दर वर्षी तेच झाड बोडकं करू नका. निम्मे ऐन यंदा, निम्मे पुढच्या वर्षी, आणि शेंडा कायम ठेवा.

घरातलं आधी मिटवा

हक्कपत्र थोरल्या भावाच्या नावावर, कसतात तिघं. नागली असते तोवर ठीक चालतं, कारण दर वर्षी ज्याने पेरलं त्याने कापलं. धाकट्याने वीस काजू लावले की थोरल्याला वाटतं हा जागा बळकावतोय, आणि धाकट्याला वाटतं मी लावून काय उपयोग, उद्या दादाची पोरं काजू नेतील. दोघंही आपापल्या जागी खरे असतात. यावर मला एकच उपाय चाललेला दिसला आहे. कलमं येण्याआधी घरातल्यांनी, बहिणींसकट, एकत्र बसायचं. कुठली ओळ कुणाची, पाणी कुणी घालायचं, झाड मेलं तर सांधणी, म्हणजे त्या जागी नवं झाड, कुणी करायची, फळाचा वाटा कसा, हे साध्या कागदावर लिहायचं. खाली सगळ्यांच्या सह्या आणि ग्रामसभेपुढे वाचून दाखवायचं. त्याला कोर्टाच्या कागदाचं वजन नाही, पण पाड्यासमोर वाचलेला कागद सहसा कुणी मोडत नाही.

दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसत असाल तर जास्त सावध राहा. मालक झाड लावू देत नाही याचं कारण जुनं आहे. १९४८ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, तेव्हापासून झाड लावणारा माणूस उद्या कूळ म्हणून उभा राहील ही धास्ती मालकांच्या मनात बसली आहे. तिथे लेखी कराराशिवाय एकही कलम लावू नका. तीच मेहनत आपल्या परसात शेवगा, सीताफळ, फणस यांवर करा.

गुरं, वणवा आणि वीटभट्टी

पीक निघालं की शिवार सगळ्यांचं होतं, गुरं मोकळी सुटतात. ही रीत जुनी आहे आणि नागलीच्या शेतीला ती सोयीचीही होती. म्हणजे कागदावर हक्क बारा महिन्यांचा आणि वहिवाटीने मात्र तो जून ते डिसेंबरपुरता. कलमं मरतात ती या उरलेल्या महिन्यांत. एकट्याने कुंपण घालून हा प्रश्न सुटत नाही, कारण काटेरी कुंपण उन्हाळ्यात जळणाला जातं.

यासाठी पाड्याची बैठक लावा, दिवाळीच्या आत. गुराख्याची पोरं आणि ज्यांच्याकडे गुरं जास्त त्या घरांना मानाने बोलवा. त्यांच्याशिवाय केलेला चराईबंदीचा ठराव कुणी पाळत नाही. कुठला भाग बंद, कुठला खुला, गुरांची पाण्याची वाट कुठून, गुरं शिरली तर दंड किती आणि तो कुणाकडे जमा, हे ठरवा. बंद भागातलं गवत गुरंवाल्यांना कापून नेऊ द्या. हा सौदा फार महत्त्वाचा, कारण चराई गेली तरी वैरण मिळाली की विरोध मावळतो. सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळालेला असेल तर ग्रामसभेला हे नियम करायचा अधिकार कायद्यानेच आहे. नसेल तर आधी त्याचा दावा टाका. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक हातात मिळालं. त्यांचं जंगल आणि आमचं जंगल वेगळं आहे, पण ग्रामसभा नियम करू शकते आणि पाळून घेऊ शकते हे त्यांनी दाखवून दिलं.

वणव्यासाठी होळीच्या आत वाडीभोवती आठ-दहा फुटांची पट्टी गवत काढून मोकळी करा. डोंगराकडची बाजू आधी.

आणि वीटभट्टी. दिवाळीनंतर आमची निम्मी घरं उचल घेऊन भिवंडी-वसईकडे जातात. पाड्यावर म्हातारी माणसं उरतात. लावलेलं कलम पहिले दोन उन्हाळे पाण्यावाचून जगत नाही. ज्या घरात फेब्रुवारी ते मे कुणीच नसणार त्यांनी चाळीस कलमं घेऊच नयेत, दहा घ्यावीत. पाच-सहा लिटरचं मडकं घ्या, तळाला बारीक भोक, त्यात सुती चिंधीची वात, आणि ते कलमापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा. तोंडावर झाकण ठेवा. आठवड्यातून दोनदा भरलं तरी मुळाशी ओल टिकते, आणि एक म्हातारा माणूस हंड्याने दहा मडकी भरू शकतो. भरणाऱ्याचा फळात वाटा आधीच ठरवा. कोणी किती वर्षं भट्टीवर गेलं तरी पट्टा जात नाही, पण जागा ओसाड दिसली की शेजारचा नांगर एक-एक रेघ आत सरकतो. मडकी भरणारा माणूस हद्दीवरही नजर ठेवतो.

खड्डे आणि कलमं

आता कुदळ उचला. आमच्या बाजूला वाडीची पद्धत चांगली मुरलेली आहे. मणिभाई देसाईंच्या बायफ संस्थेने १९८२ मध्ये गुजरातच्या वांसद्यात, म्हणजे आमच्या सुरगाण्याच्या पलीकडेच, ती सुरू केली आणि पुढे जव्हारकडे आणली. मध्ये फळझाडं, त्यांच्या ओळींत पिकं, कडेने जंगली झाडं आणि कुंपण. मला ही पद्धत पटते कारण ती नागली सोडायला सांगत नाही.

पाऊस आमच्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि उतारावरून वाहून जातो. म्हणून ओळी उताराला आडव्या, समपातळीवर धरा. दोन बांबू वर एकत्र बांधून, मध्ये आडवी काठी लावून, दोरीला दगड लटकवला की समपातळी दाखवणारी चौकट घरीच होते. आंबा दहा मीटरवर लावला तर एकरी चाळीस बसतात, काजू सात मीटरवर ऐंशीच्या आसपास. आंबा खालच्या खोल मातीत, काजू वरच्या मुरमाड भागात, बांबू ओहोळाच्या काठाला. काजूची वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं इकडे चांगली चालतात.

आंब्याचा खड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल, काजूचा त्याहून लहान. एप्रिल-मेमध्ये खणा, उन्हात तापू द्या, मग पालापाचोळा, कुजलेलं शेणखत आणि वरची माती घालून पावसाआधी भरा. कच्चं शेण घातलं तर वाळवी येते. जमीन पुरती भिजल्यावर कलम लावा, सांधा मातीच्या वर राहील असं. पिशवीचं प्लॅस्टिक काढायला विसरू नका. सांध्याखालून फुटणारे कोंब खुडत राहा, नाहीतर कलम मरून रायवळ वाढतं आणि ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी लक्षात येतं. आंब्याला पहिली तीन वर्षं मोहोर आला तर काढून टाका. जीव तुटतो, पण काढा. ओळींच्या मध्ये नागली, वरई, उडीद, खुरासणी पहिली पाच-सहा वर्षं बिनधास्त घ्या. त्या पिकासाठी माणूस शेतात जात राहतो आणि कलमाकडे लक्ष राहतं.

झाड कागदावर आणा

लावून झालं की लगेच, त्याच पावसाळ्यात, नोंद करा. सातबाराच्या जमिनीवर ई-पीक पाहणीत फळबाग आणि बांधावरची झाडं दोन्ही चढवता येतात. वनपट्ट्यावर ग्रामसभेची वही हीच पहिली नोंद समजा: हक्कपत्राचा क्रमांक, कोणती झाडं, किती, कुठल्या ओळीत, कुणी लावली, तारीख. कृषी सहाय्यकाला बोलावून पाहणीचा कागद मागा. रोजगार हमीतून केलं असेल तर हजेरीपटाची प्रत ठेवा, कारण त्यावर कामाची जागा आणि लाभार्थ्याचं नाव दोन्ही असतात. वर्षातून एकदा, एकाच जागी उभं राहून, मागे डोंगर दिसेल असा फोटो काढा.

याचा उपयोग कुठे होतो ते सांगते. आमच्या पालघर जिल्ह्यातून मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जातो, बुलेट ट्रेनचा मार्गही जातो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात वनहक्कधारकालाही जमीनमालक धरलेलं आहे आणि झाडांचं मूल्यांकन वेगळं करायचं असतं. पण मोजणीला आलेल्या माणसाला तुमची झाडं किती वर्षांची, हे तुम्हीच दाखवावं लागतं. एका बाईंच्या वाडीतले आंबे मोजणीत झुडपं म्हणून लिहिले गेले होते. तिच्याकडे लागवडीच्या सालापासूनचे फोटो आणि ग्रामसभेची नोंद होती, तेव्हा ती ओळ बदलावी लागली.

दावा अजून अडकलेला असेल तर

पडताळणी पूर्ण होईपर्यंत कसणाऱ्याला तिथून हटवता येत नाही, हे कलम ४ च्या पोटकलम ५ मध्ये स्पष्ट आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याबद्दल आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला तो स्थगित केला. त्या पंधरा दिवसांत आमच्या पाड्यावर कुणाला झोप नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१८ मध्ये, नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या हजारोंच्या मोर्चात आमच्याकडची माणसं होती, ती याच पट्ट्यांसाठी.

अडकलेल्या दाव्याच्या जमिनीवर झाड लावायचं का? माझं मत, लावा, पण २००५ च्या आधीपासून जिथे नांगर चालतोय तेवढ्याच जागेत. आज लावलेलं झाड तेव्हाच्या कब्जाचा पुरावा होत नाही. पुरावा होतो तो जुना बांध, जुना आंबा, एकसाली (एका वर्षापुरत्या) पट्ट्याचा कागद, अतिक्रमणाच्या दंडाची पावती. ज्या पावत्यांनी आपल्या आज्यांना रडवलं त्या आज कामाला येतात, म्हणून पेट्या उपसा. किमान दोन पुरावे लागतात. उपग्रहाच्या फोटोत शेत दिसत नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, नियमात तसं लिहिलेलं आहे. उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांच्या जागी नाही. आणि नवीन जंगल साफ करून कलमं लावायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो काढून टाका. एका घराच्या तशा तोडीने आख्ख्या पाड्याच्या खऱ्या दाव्यांवर संशय येतो.

अर्ज देताना प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून मूळ प्रत घरात ठेवा. कचेरीत पोच मागा, तारीख आणि शिक्क्यासह. साहेब नाहीत, उद्या या, असं म्हणाले तर उद्या जा, पण एकटे जाऊ नका. समितीतली एक बाई आणि एक पोरगं बरोबर न्या. पोच मिळाली की तिचा फोटो काढून समितीच्या गटात टाका आणि मूळ पोच हक्काच्या फाईलमध्ये, झाडांच्या यादीच्या मागे लावा.